दहा हजारांचा आकडा : एका घराने सोयाबीन का धरून ठेवलं?

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं आहे, हंगाम २०२२-२३. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, रकमा आणि वजनं गोल केली आहेत आणि शेजारच्या एक-दोन घरांचे तपशील यात मिसळले आहेत. त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात हजारो घरांत थोड्याफार फरकाने हेच घडलं, त्यामुळे हे एकाच घराचं वेडेपण आहे असं कुणी समजू नये.

पार्श्वभूमी

घरात कर्ते आप्पा, थोरला मुलगा आणि सून. धाकटा पुण्याला कंपनीत. दहा एकर रान, खरिपात जवळजवळ सगळं सोयाबीन आणि त्यामागून हरभरा. माल वर्षानुवर्षं एकाच आडत दुकानावर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्यावर आडत (कमिशन) घेणाऱ्याकडे, जातो. दुकानदार शेठ बी-खताला उचलही देतात आणि हंगामात ती वळती करून घेतात.

२०२० च्या दिवाळीत आप्पांनी सगळं सोयाबीन ४,१०० रुपये क्विंटलने मोकळं केलं. त्या वर्षीचा हमीभाव ३,८८० होता, म्हणजे सौदा वाईट नव्हता. पण पुढे भाव चढत गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. आप्पांच्या घरी तेव्हा दाणा नव्हता. गावात कुणाकडेच फारसा नव्हता. माल शेतकऱ्याकडे नव्हता म्हणूनच तर तो भाव होता. आप्पांच्या चुलतभावाकडे पेरून उरलेली बियाण्याची चार पोती होती, ती त्याने विकली. गावात गोष्ट फिरली ती अशी : ‘त्यानं दहा हजारानं इकलं.’ पोती किती, हे गोष्टीतून पहिल्या आठवड्यातच गळालं.

त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुक बदललेल्या) सोयाबीनची पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, आयात करायला परवानगी दिली, मागोमाग नवा माल सुरू झाला आणि काढणीपर्यंत भाव निम्म्यावर, पाच हजारांच्या आसपास आला. या वेळी आप्पा थांबले. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, त्यांना ७,१०० मिळाले.

दोन वर्षांत घराने दोन धडे घेतले : लवकर विकणारा फसतो आणि थांबणारा जिंकतो. दोन्ही अनुभव खरे होते. पण दोन्ही वर्षी तेजीची कारणं वेगळी होती, आणि दोनच वर्षांवरून नियम बांधला गेला होता.

प्रश्न काय होता

२०२२ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढणीला आलेलं पीक भिजवलं. ८० क्विंटल माल निघाला. दिवाळी आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी १५ क्विंटल ओलाच विकावा लागला. मॉइश्चरची कपात जाऊन ४,७०० पडले. उरलेला ६५ क्विंटल वाळवून समोरच्या खोलीत थप्पी लावली.

नोव्हेंबरच्या मध्याला वाळल्या मालाला ५,६०० चा भाव निघाला. म्हणजे थप्पीचे ३ लाख ६४ हजार. हमीभाव ४,३०० होता, त्यामुळे सरकारी खरेदीचा विषयच नव्हता. घरावर पीककर्ज १ लाख २० हजारांचं. ते ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याज सवलतीमुळे शून्य टक्के, तारीख चुकली तर सवलत गेली. विकायचं की थांबायचं?

कोण काय सांगत होतं

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण घराला माहिती कमी पडली नव्हती. उलट ती पाच-सहा तोंडांनी येत होती.

पहिले शेठ. ते म्हणाले, “आप्पा, पाच हजार सहाशे मिळतेत, काढा. पुढं काय सांगता येत न्हाई.” घरी येऊन थोरल्याने याचा अर्थ लावला : शेठ विकायला सांगतोय म्हणजे त्याला पुढची तेजी कळलेली आहे, आपला माल स्वस्तात ओढायचाय.

इथे थोडं थांबायला हवं. शेठचा हितसंबंध नक्की कुठे होता? आडत उलाढालीवर मिळते. भाव चढला तर त्यांचीही आडत वाढते, म्हणजे भाव पडावा यात निव्वळ आडत्याचा फायदा नाही. त्यांना माल आज हलायला हवा होता, कारण आडत आज मिळते आणि उचल आज वसूल होते. आडत्या स्वतः साठा करणारा खरेदीदारही असेल तर गणित उलटं होतं. हे शेठ साठा करत नव्हते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. म्हणजे त्यांचा कल ‘लवकर विका’कडे होता, ‘स्वस्त विका’कडे नव्हता. आणि ते दर नोव्हेंबरला हेच सांगत. २०२० लाही सांगितलं, तेव्हा आप्पांचं नुकसान झालं. २०२१ लाही सांगितलं, तेव्हा आप्पांनी ऐकलं नाही आणि फायदा झाला. जो माणूस कोणत्याही वर्षी एकच सल्ला देतो, त्याच्या सल्ल्यातून बाजाराबद्दल काहीच कळत नाही. तेजीही नाही आणि मंदीही नाही. थोरल्याने मात्र त्यातून उलटी बातमी काढली. हितसंबंध ओळखला म्हणजे बोलणं खोटं ठरलं, अशी ही उडी होती, आणि ती मला या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक वाटते. तिच्या मुळाशी व्यापारी म्हटला की लुटणाराच, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. त्याला इतिहासात आधार नाही असं नाही. पण या शेठने कधी मापात मारलं, असं आप्पांनाही सांगता येईना.

दुसरा स्रोत थोरल्याचा मोबाईल. शेतमालाच्या भावाचे अंदाज सांगणारं एक यूट्यूब चॅनल तो रोज पाही. व्हिडिओचं शीर्षक : ‘सोयाबीन ८ हजार होणार?’ शेवटचं प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही. चॅनल चालवणारा खोटं बोलत होता असं म्हणता येत नाही. पण त्याची कमाई व्ह्यूजवर, आणि पाहणारे कोण? ज्यांच्या घरात थप्पी आहे ते. थप्पी असणारा माणूस ‘भाव पडणार’ असा व्हिडिओ उघडत नाही, उघडला तर अर्ध्यावर सोडतो. मग पडद्यावर पुढचे व्हिडिओही तेजीचेच येतात. थोरला म्हणे, “सगळेच सांगायलेत.” सगळे म्हणजे त्याने आधी ज्यांच्यावर बोट ठेवलं होतं त्यांचेच भाऊबंद.

त्या हिवाळ्यात अर्जेंटिनात मोठा दुष्काळ पडला. चॅनलवर जळालेली रानं दिसली, आणि ती बातमी शंभर टक्के खरी होती. तिथलं सोयाबीन आदल्या वर्षीच्या निम्म्याच्या आसपास आलं. अर्जेंटिना सोयापेंडेचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार असल्याने आपल्या पेंडेला मागणीही वाढली. पण त्याच हंगामात ब्राझीलमध्ये विक्रमी पीक उभं होतं, १५ कोटी टनांच्या वर. अर्जेंटिनाची तूट त्याने भरून काढली. शिवाय आपल्याकडे केंद्राने मे २०२२ मध्येच वर्षाला २० लाख टन कच्चं सोयातेल आणि तितकंच सूर्यफूल तेल शुल्काशिवाय आणायची सूट दिली होती, आणि इंडोनेशियाने निर्यातबंदी उठवल्यावर पामतेलाचा भाव कोसळला होता, म्हणजे सोयाबीनमधून निघणाऱ्या तेलाला स्वस्त पर्याय बाजारात होते. चॅनलवर ब्राझीलचं नावच आलं नाही असं नाही. एकदा आलं होतं, विसाव्या मिनिटाला.

तिसरा स्रोत गावचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि पेपर. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. ग्रुपवर फिरायचा तो कमाल. एखाद्या बियाणं प्रतीच्या ढिगाला ५,९०० मिळाले की त्या पट्टीचा (विक्रीच्या पावतीचा) फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या हातात. ५,२०० ची पट्टी कुणी टाकत नाही, त्यात काय मिरवायचं? आप्पांच्या डोक्यातला ‘आजचा भाव’ त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा दोन-तीनशेंनी कायम वर असे, आणि दुकानावर खरा दर ऐकला की शेठने मारलं असं वाटे.

चौथी गोष्ट पीक किती आलं याच्या अंदाजाची. प्रक्रिया उद्योगाच्या ‘सोपा’ या संघटनेने देशाचं उत्पादन १२० लाख टनांच्या आसपास धरलं. ग्रुपवर लगेच टीका : प्लँटवाल्यांची संघटना, भाव पाडायला आकडा फुगवणारच. प्रत्यक्षात केंद्र सरकारचा पहिला अंदाज त्याहून मोठा, सुमारे १२९ लाख टनांचा होता. भाव पाडायचाच असता तर सरकारी आकडा तयार होता. इथे नुसता शेजारचा आकडा पाहिला असता तरी संशय फिटला असता. पण दुसरा आकडा पाहायची गरज कुणाला वाटली नाही, कारण पहिला कुणाचा आहे एवढं कळलं होतं.

एक स्रोत मात्र त्या वर्षी नव्हताच. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे बाजाराच्या सरकारी नियंत्रकाने, सोयाबीनचे वायदे (पुढच्या महिन्यांच्या भावाचे आजच होणारे सौदे) बंद केले होते. वायद्यांवर शेतकऱ्यांचा राग आहे आणि त्याची कारणंही आहेत. तरी पुढच्या महिन्यांचा भाव काय असेल यावर स्वतःचे पैसे लावून बोलणारे लोक तिथे होते आणि चुकले तर त्यांचा खिसा कापला जात होता. ते गेल्यावर उरले ते चुकले तरी काही न गमावणारे.

आणि सून. तिच्याकडे बाजाराचा अंदाज नव्हता. बचत गटाचा हिशेब ती लिहीत असल्याने तिच्याकडे वही होती. वहीच्या शेवटच्या पानावर तिने मांडलं : आजचे ५,६००. सहा महिन्यांत माल वाळून क्विंटलमागे दोन-तीन किलो तूट, म्हणजे दीडशे रुपये. तेवढ्यात पैसे लागले तर गटाकडून महिना दोन टक्क्यांनी घ्यावे लागतील, सहा महिन्यांचे बारा टक्के, ६७० रुपये. म्हणजे जूनमध्ये ६,४०० मिळाले तरच ते आजच्या ५,६०० एवढे. तिचं म्हणणं इतकंच होतं की निम्मं तरी विकू. आप्पा म्हणाले, “बघू की.” थोरला म्हणाला, “तुला बाजारातलं काय कळतंय?”

जानेवारीत गावात शेतीशाळा झाली. तालुक्याच्या कृषी कार्यालयातून आलेले साहेब म्हणाले, माल टप्प्याटप्प्याने विका, निम्मा आधी काढा. आप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं, “साहेब बरोबर बोलले.” सूनबाईने भाकरी थापता थापता ते ऐकून घेतलं.

पर्याय

सगळं विकणं. निम्मं विकून निम्मं ठेवणं. सगळं घरात ठेवणं. चौथा पर्याय होता शेतमाल तारणाचा : पणन मंडळाच्या योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, सहा टक्के व्याजाने. आप्पांना १ लाख २० हजार असे उचलले असते तर सहा महिन्यांचं व्याज ३,६०० पडलं असतं.

हा पर्याय घरात एकदाही चर्चेला आला नाही. शेठने सांगितला नाही, कारण गोदामात गेलेल्या मालावर त्यांना आडत नाही. चॅनलने सांगितला नाही, कारण त्यात रोज पाहण्यासारखं काही नाही. गावात कुणी वापरलेला नव्हता. कल हा सांगितलेल्या गोष्टींत तर दिसतोच, पण कुणीच न सांगितलेल्या गोष्टींत तो शोधावा लागतो, आणि ते फार अवघड आहे. अर्थात तारणाने भाव पडण्यापासून संरक्षण मिळालं नसतं, फक्त थांबणं स्वस्त झालं असतं.

काय केलं

थांबले. नोव्हेंबरात ५,६०० नाकारले. जानेवारीत ५,४०० होता, तेव्हा साहेबांचं पटूनही विकलं नाही, कारण आता ‘पाच हजार सहाशे गेले, ते परत येऊ द्या’ असं झालं होतं. मार्चमध्ये ५,१०० च्या आसपास. ३१ मार्चला कर्ज फेडायला हरभऱ्याचे ७० हजार आणि बचत गटाकडून काढलेले ५० हजार घातले. सव्वातीन लाखांचा माल खोलीत आणि उसने पैसे बँकेत, असं चित्र झालं. त्या दिवशी तरी गरजेपुरतं विकायला काय हरकत होती, असं विचारलं तर आप्पांचं उत्तर होतं, “दहा हजाराचा माल पाच हजारानं कसा द्यायचा?”

हा माल दहा हजारांचा कधीच नव्हता. त्या भावाने या घराने एक किलोही विकलेलं नव्हतं.

निकाल

जूनमध्ये पेरणी तोंडावर आली. थप्पी हलवली, साडेत्रेसष्ट क्विंटल भरलं. भाव ४,८५०. हाती ३ लाख ८ हजार. नोव्हेंबरच्या तुलनेत ५६ हजार कमी, वर गटाचं ३,००० व्याज.

पैसे आले त्या रात्री सुनेने थोरल्याच्या मोबाईलवर त्या चॅनलची जुनी यादी खाली सरकवत नेली. नोव्हेंबरात ८ हजार होणार का, जानेवारीत ७ हजार होणार का, मार्चमध्ये ६ हजारांचा टप्पा कधी. आधीचा अंदाज का चुकला यावर एकही व्हिडिओ नव्हता. थोरल्याने यादी पाहिली आणि म्हणाला, अर्जेंटिनाचं तर खरंच निघालं होतं. तेही बरोबरच.

कुठे वेगळं करता आलं असतं

निकाल कळल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भाव कुठे जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अर्जेंटिनासारखाच ब्राझीलमध्येही दुष्काळ पडला असता तर आज आप्पा गावात हुशार ठरले असते. म्हणून ‘विकायला हवं होतं’ हा माझा निष्कर्ष नाही. निर्णय कसा झाला, तिथे बोट ठेवता येतं.

नोव्हेंबरात अंदाजावर वाद घालण्याऐवजी सुनेचा ६,४०० चा आकडा समोर ठेवायला हवा होता. दोन टक्के महिना हा दर जबर आहे. तारणाच्या सहा टक्क्यांनी धरलं तरी जूनमध्ये साधारण ५,९०० लागत होते. मग प्रश्न ‘भाव वाढेल का’ असा राहिला नसता, ‘इतका वाढेल का’ असा झाला असता. हा हिशेब करायला कुणाच्या बातमीवर विश्वास ठेवावा लागत नाही. घरात तो करणारं माणूस होतं, पण हिशेबाऐवजी तो कुणी केला हे पाहिलं गेलं. निम्मं विकलं असतं तर २८ हजार वाचले असते आणि ३१ मार्चची ओढाताण टळली असती.

शेठला विचारता येण्यासारखा एक प्रश्न होता : “तुम्ही कोणत्या वर्षी थांबा म्हणाला होता?” चॅनलबद्दलही तोच : मागचे अंदाज काय होते आणि त्यांचं काय झालं. मोबाईल हातातच होता, ती यादी जूनऐवजी नोव्हेंबरातही सरकवता आली असती. आणि ‘ब्राझील सोयाबीन’ एवढे दोन शब्द थोरल्याने स्वतः शोधले असते तर दुसरी बाजू पाच मिनिटांत दिसली असती. आपल्याला हवी ती बातमी सापडल्यावर नको असलेली मुद्दाम शोधणं, हे सांगायला सोपं आणि करायला जड आहे. जवळ माल असताना तर फारच.

पुढचा हंगाम

२०२३ च्या ऑगस्टात पावसाने पाठ फिरवली, वर पिवळा मोझॅक (पानं पिवळी पाडणारा रोग) आला. माल ५० क्विंटलच निघाला. थोरला पुन्हा म्हणू लागला, उत्पादन घटलंय म्हणजे भाव चढणारच. तर्क बिनचूक होता, फक्त बाहेरून येणारं स्वस्त तेल त्यात नव्हतं. या वेळी आप्पांनी दोन तृतीयांश माल नोव्हेंबरात पाच हजारांच्या आसपास काढला. बाकीचा ठेवला, कारण थोरल्याचंही थोडं राखायचं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाव ४,४०० वर, त्या वर्षीच्या ४,६०० च्या हमीभावाच्याही खाली आला. आप्पा उरलेला माल घेऊन निघणार तेवढ्यात शेठचा फोन आला, “आता आणू नका, महिना-दीड महिना थांबा.” वर्षानुवर्षं ‘काढा’ म्हणणारा माणूस स्वतःची आडत लांबवून थांबा म्हणतो आहे, हे सुनेने आप्पांच्या लक्षात आणून दिलं. एप्रिल संपता संपता तो माल ४,५५० ने गेला. तूट वजा जाता क्विंटलमागे पन्नासेक रुपये पदरात पडले. थोरल्याचं म्हणणं आहे की तेवढे तर टेम्पोच्या भाड्यात जातात.